तू माणूस आहेस कशावरून?

गोष्ट आहे नोव्हेंबर १९९९मधली. अमेरिकेतल्या स्लॅशडॉट नावाच्या वेबसाईटने एक कौल घेतला. प्रश्न साधाच होता : संगणकशास्त्राचं उच्च शिक्षण घ्यायला सगळ्यांत भारी विद्यापीठ कोणतं? आवडेल त्या नावावर टिचकी मारायची, की झालं मतदान.

आता असा प्रश्न विचारल्यावर विद्यापीठातली पोरं गप्प बसतात होय? पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी डोकं लढवलं आणि एक प्रोग्राम लिहिला. त्याचं काम एकच, आपल्या विद्यापीठाला मतं देत सुटायचं. त्याला ना भूक, ना झोप, ना कंटाळा. कार्नेगी मेलनची मतं भराभर वाढायला लागली. ही खबर एमआयटी या दुसऱ्या नामांकित विद्यापीठात पोचली. ते तरी कुठे कच्च्या गुरूचे चेले! दुसऱ्याच दिवशी त्यांचाही प्रोग्राम तयार. मग माणसं राहिली बाजूला आणि दोन प्रोग्रामांचीच जुंपली. निकाल लागला तेव्हा एमआयटीला २१,१५६ मतं, कार्नेगी मेलनला २१,०३२ आणि बाकीची सगळी विद्यापीठं हजाराच्या आत गार!

वेबसाईटवाले अगदीच भोळे नव्हते बरं का. इंटरनेटला जोडलेल्या यंत्राला एक क्रमांक असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. एका पत्त्यावरून एकच मत, अशी व्यवस्था त्यांनी केली होती. पण या पठ्ठ्यांनी तिलाही बगल दिली.

एवढ्या कौलाने कुणाचं काही बिघडलं नाही. पण हेच गणपतीला कोकणात जायच्या गाडीच्या तिकिटांचं झालं तर? आरक्षण उघडायचा अवकाश, असे प्रोग्राम हजारो तिकिटं उचलणार आणि तुमचे बाबा मोबाईलकडे बघतच राहणार. अशा आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रामला म्हणतात बॉट. हे बॉट खोटी खाती उघडतात, खोट्या पसंत्या देतात, खोटे अभिप्राय लिहितात. त्यांना अडवायचं कसं?

प्रश्न एक नाही, तीन

नीट बघितलंत तर इथे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत.

पहिला : समोर माणूस आहे की यंत्र?

दुसरा : माणूस असेल, तर एकदाच आलाय की नावं बदलून पुन्हा पुन्हा येतोय?

तिसरा : तो आहे तरी कोण?

वर्गात बाई हजेरी घेतात तेव्हा हे तिन्ही प्रश्न नजरेच्या एका फटक्यात सुटतात. बाकावर यंत्र बसलेलं नाही हे दिसतंच. एकच मुलगी दोन बाकांवर बसू शकत नाही. आणि ती कोण, हे बाईंना चेहऱ्यावरून कळतं. इंटरनेटवर मात्र चेहरा नाही की बाक नाही. तिथे प्रत्येक प्रश्न वेगळा सोडवावा लागतो, आणि प्रत्येकाची युक्ती निराळी.

परीक्षकालाच न सुटणारा पेपर

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू.

सन २००० मध्ये याहू ही कंपनी लोकांना फुकट ई-मेल खाती देत होती. बॉटांची चंगळच झाली. ते हजारो खाती उघडायचे आणि त्यांतून जाहिरातींचा भडिमार करायचे. याहूचे शास्त्रज्ञ उदी मॅनबर हे गाऱ्हाणं सांगायला एका विद्यापीठात गेले. कोणत्या? त्याच कार्नेगी मेलनमध्ये! तिथे प्राध्यापक मॅन्युएल ब्लम आणि त्यांचा ग्वाटेमालाहून शिकायला आलेला विद्यार्थी लुईस फॉन आन यांनी हे कोडं मनावर घेतलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी युक्ती काढली, तिला त्यांनी नाव दिलं कॅप्चा. अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राने १९९७ मध्ये अशीच एक युक्ती वापरली होती, पण कॅप्चा हे नाव आणि त्यामागचं शास्त्र इथे आकाराला आलं.

तुम्ही कॅप्चा नक्की पाहिलाय. वाकडीतिकडी, ताणलेली, मध्येच रेघोट्या मारलेली अक्षरं दिसतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘वर दिसणारी अक्षरं टाइप करा.’

आता यातली गंमत बघा. ही परीक्षा घेणारासुद्धा एक प्रोग्रामच असतो. म्हणजे पेपर काढणार यंत्र, तपासणार यंत्र, आणि तो पेपर सोडवता येऊ नये यंत्रालाच! हे जमतं कसं?

जमतं, कारण परीक्षक उत्तरापासून सुरुवात करतो. आधी तो एक शब्द निवडतो. समजा, ‘कबूतर’. मग त्या शब्दाचं चित्र काढून ते वाकवतो, पिळतो, त्यावर ठिपके टाकतो. उत्तर त्याच्या खिशातच असतं, त्यामुळे तपासताना अडचण नाही. पण ते चित्र दुसऱ्या यंत्रापुढे ठेवलं, तर त्याला उलट्या दिशेने यावं लागतं : ठिपक्यांतून रेषा, रेषेतून अक्षर, अक्षरांतून शब्द. शब्द वाकडा करणं सोपं, वाकडा शब्द वाचणं अवघड. त्या काळातल्या यंत्रांना ते जमत नव्हतं आणि तुमच्या-आमच्या डोळ्यांना सहज जमत होतं. आपण आजोबांचं गिचमिड अक्षरसुद्धा वाचतोच की!

याच्या पन्नास वर्षं आधी, १९५० मध्ये, इंग्लंडच्या ॲलन ट्यूरिंग या गणितज्ञाने एक खेळ सुचवला होता. पडद्याआड एक माणूस आणि एक यंत्र, बाहेर एक परीक्षक माणूस. लिहून प्रश्न विचारायचे आणि उत्तरांवरून कोण यंत्र ते ओळखायचं. कॅप्चात हाच खेळ उलटा झाला. इथे परीक्षक यंत्र आहे आणि आपण माणूस आहोत हे आपल्याला सिद्ध करायचंय!

एक अडचण मात्र होती. ज्यांना दिसत नाही त्यांनी काय करायचं? ती माणसं नाहीत का? त्यांच्यासाठी आवाजातला कॅप्चा आला. गोंगाटात बोललेले आकडे ऐकून लिहायचे. पण तो इतका किचकट असायचा, की चांगलं ऐकू येणारेही चुकायचे.

दोन शब्दांची करामत

काही वर्षांनी फॉन आनला एक हिशेब छळू लागला. त्याच्या अंदाजाने जगभरात रोज २० कोटी कॅप्चा सोडवले जात होते. एकाला साधारण १० सेकंद धरा. म्हणजे रोज २०० कोटी सेकंद. भागाकार करून बघा : साडेपाच लाख तास होतात! रोज इतका वेळ माणसं अक्षरं वाचण्यात घालवतात आणि कुणाला काही मिळत नाही. हा वेळ कामी लावता येईल का?

त्याच सुमारास जुनी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं संगणकावर चढवायचं काम चाललं होतं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे १८५१ पासूनचे अंक त्यांत होते. पानाचा फोटो काढायचा आणि प्रोग्रामने त्यातली अक्षरं ओळखायची. पण शाई पुसट झालेली, कागद पिवळा पडलेला, अक्षरं तुटलेली. प्रोग्राम जागोजागी अडखळायचे. एकाच पानावर दोन वेगळे प्रोग्राम सोडले आणि एखाद्या शब्दावर त्यांचं एकमत झालं नाही, की तो शब्द संशयित ठरायचा.

२००७ मध्ये फॉन आन आणि मंडळींनी रीकॅप्चा आणला. त्यात एकाऐवजी दोन शब्द दिसायचे. एका शब्दाचं उत्तर यंत्राला ठाऊक असायचं. दुसरा असायचा जुन्या पानावरचा संशयित शब्द, ज्याचं उत्तर यंत्राला माहीतच नाही. कोणता शब्द कोणता, हे तुम्हाला सांगायचं नाही. त्यामुळे दोन्ही मन लावून वाचायला हवेत.

ठाऊक असलेला शब्द बरोबर आला, की यंत्र म्हणणार : हा माणूस दिसतोय. मग याने दुसऱ्या शब्दाचं दिलेलं उत्तरही बहुधा बरोबर असेल. ते उत्तर टिपून ठेवायचं आणि तोच शब्द आणखी काही जणांना दाखवायचा. सगळ्यांनी तेच उत्तर दिलं, की शब्द पक्का! अशा रीतीने ९९ टक्क्यांहून अधिक शब्द बिनचूक वाचले गेले. म्हणजे ई-मेल उघडता उघडता लोक शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचून देत होते आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

२००९ मध्ये गूगलने रीकॅप्चा विकत घेतलं. पुढे शब्दांच्या जागी घरांवरचे क्रमांक आले, मग ‘बस असलेले चौकोन निवडा’, ‘सिग्नल निवडा’ असली चित्रं आली. आपली उत्तरं यंत्रांना चित्रं ओळखायला शिकवण्यासाठीही वापरली गेली. थांबा, थांबा. यंत्राला जे येत नाही ते विचारायचं, आणि मिळालेल्या उत्तरांवरून यंत्रालाच शिकवायचं? मग पुढे काय होणार, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

यंत्र पास झालं!

२०१४ मध्ये गूगलने जाहीर केलं, की त्यांच्याच एका प्रोग्रामने सगळ्यांत अवघड वाकडी अक्षरंही ९९.८ टक्के अचूक वाचली. पेपर फुटला म्हणा ना! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवी तऱ्हा आली : ‘मी यंत्रमानव नाही’ असं लिहिलेली रिकामी चौकट. त्यात टिचकी मारा आणि पुढे जा.

टिचकी तर बॉटही मारेल, नाही का? पण इथे परीक्षा टिचकीची नसतेच. टिचकीच्या आधी, टिचकी मारताना आणि नंतर तुम्ही कसे वागता, यावर यंत्राचं लक्ष असतं. ते नेमकं काय काय बघतं हे कंपनी उघड करत नाही, नाहीतर बॉट बनवणारे तेच शिकून घेतील. २०१८ मध्ये तर चौकट नसलेली तऱ्हाही आली. तुम्हाला न विचारता मागच्या मागे गुण मिळायला लागले : शून्य म्हणजे जवळजवळ नक्की बॉट, एक म्हणजे जवळजवळ नक्की माणूस.

तरीही बॉटवाले हार मानत नाहीत. काही जण सरळ माणसांनाच कामाला ठेवतात. दिवसभर कॅप्चा सोडवा आणि हजार कॅप्चांमागे थोडेसे पैसे घ्या. यंत्राचा पेपर माणूस सोडवणार आणि आत शिरणार यंत्र!

याचा कळस जगासमोर आला २०२३ मध्ये. जीपीटी-४ नावाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची चाचणी चालली होती. चाचणी घेणाऱ्या संशोधकांच्या मदतीने तिने इंटरनेटवरून काम करणाऱ्या एका माणसाला कॅप्चा सोडवून द्यायला सांगितलं. त्याने थट्टेत विचारलं, की तू यंत्र तर नाहीस ना? त्यावर तिने ठोकून दिलं, की मी यंत्र नाही, मला नीट दिसत नाही म्हणून मदत हवीय. बिचाऱ्याने मदत केली!

त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी माणसांना कॅप्चा सोडवायला बसवलं आणि त्यांची बॉटांशी तुलना केली. वाकडी अक्षरं वाचण्यात बॉट माणसांपेक्षा चटपटीतही निघाले आणि अचूकही. म्हणजे ‘यंत्राला जमत नाही ते करून दाखव’ ही पहिल्या प्रश्नाची युक्ती आता म्हातारी झाली. मग पुढच्या प्रश्नाकडे वळायला हवं.

बोटांवरची चक्रं मोजा

दुसरा प्रश्न : तुम्ही एकदाच आला आहात कशावरून?

पूर्वी गावोगाव बहुरूपी यायचे. सकाळी पोलीस, दुपारी साधू, संध्याकाळी आणखी कुणी. इंटरनेटवरच्या बहुरूप्याला सोंगही घ्यावं लागत नाही, नुसतं नाव बदललं की झालं. जॉन डूसर या संशोधकाने २००२ मध्ये यावर एक शोधनिबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : माणसांची खातरजमा करणारं मध्यवर्ती कुणी नसेल, तर एकाने अनेक होणं रोखणं व्यवहारात अशक्यच.

मग माणसापासून वेगळी करता येत नाही अशी कोणती खूण आहे? तुमच्या बोटांकडे बघा. एका कागदावर शिसपेन्सिल खूप घासा. त्या काळ्या भागावर बोट दाबून फिरवा. मग बोटावर चिकटपट्टी लावून अलगद काढा आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. भिंगातून बघा. काही बोटांवर रेषा गोल गोल फिरलेल्या दिसतील, ती चक्रं. काहींवर एका बाजूने येऊन वळून त्याच बाजूला परत गेलेल्या असतील.

या रेषा आपण आईच्या पोटात असतानाच, जन्माच्या कितीतरी महिने आधी उमटतात. त्या वेळी बोटावर पडणारा दाब, वाढीचा वेग असल्या बारीकसारीक गोष्टींवर त्यांची वळणं ठरतात. म्हणून हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांचेही ठसे वेगळे येतात.

या ठशांचा इतिहास आपल्याच देशात घडला बरं का. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. उद्या ‘ही सही माझी नाहीच’ म्हणायची सोय राहू नये, एवढाच त्याचा हेतू. पण खरी अडचण पुढे होती. पेटीत हजारो ठसे साठले. नवा माणूस आला, तर त्याचा ठसा आधीच्या हजारोंत आहे का, हे शोधणार कसं? एकेक कागद काढून भिंगातून बघायचा म्हटलं तर जन्म जायचा.

कोलकात्यात एडवर्ड हेन्री या अधिकाऱ्याच्या हाताखाली काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोघे भारतीय काम करत होते. तिथे यावर जी पद्धत तयार झाली, तिच्यातलं गणित बसवलं हक यांनी. ते तुम्हालाही येईल. दहा बोटं घ्या. प्रत्येक बोटाला एकच प्रश्न विचारा : चक्र आहे की नाही? पहिल्या बोटाची दोन उत्तरं, दुसऱ्याची दोन, म्हणजे चार जोड्या. तिसऱ्या बोटाला आठ. असं दहा वेळा दुप्पट करत गेलं, की होतात १,०२४. म्हणून १,०२४ कप्पे करायचे! नवा ठसा आला, की फक्त चक्रं बघायची, त्या नमुन्याचा कप्पा उघडायचा आणि तेवढ्याच कागदांत शोधायचं. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं, जगातल्या अशा पहिल्यावहिल्या कार्यालयांपैकी एक. हक आणि बोस यांची नावं मात्र बरीच वर्षं हेन्रीच्या नावामागे झाकली गेली.

कोट्यवधींत एकदाच

आता कप्प्यांतून संगणकाकडे येऊ. २९ सप्टेंबर २०१० या दिवशी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या छोट्याशा आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आज १३० कोटींहून अधिक लोकांकडे तो बारा आकडी क्रमांक आहे.

आधारची खरी कसोटी क्रमांक देण्यात नाही, एकाच माणसाला दोन क्रमांक न देण्यात आहे. ती किती अवघड? चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करायची तर ४० गुणिले ३९ भागिले २, म्हणजे ७८० तुलना. शंभर जणांसाठी ४,९५०. हजार जणांसाठी जवळजवळ पाच लाख. आणि १३० कोटींसाठी? साधारण ८४५ च्या पुढे पंधरा शून्यं लिहा!

आणखी एक फट आहे. समजा, दोन वेगळ्या माणसांना चुकून एकच समजायची शक्यता कोटीत एक आहे. ऐकायला झकास वाटतं. पण नव्या माणसाची तुलना १३० कोटी लोकांशी करायचीय. कोटीमागे एक चूक धरली, तरी त्याच्यासारखे १३० जण निघतील! म्हणून एका अंगठ्यावर भागत नाही. दहाही बोटं, दोन्ही डोळे आणि चेहरा घेतात.

डोळ्यांत काय असतं? बाहुलीभोवतीचं तपकिरी कडं आरशात बघा. साध्या उजेडात आपल्या काळ्याभोर डोळ्यांत फारसं काही दिसत नाही. पण आधारसाठी डोळे टिपणाऱ्या यंत्रात अवरक्त प्रकाश असतो, आपल्याला न दिसणारा. त्यात त्या कड्यातले धागे, खळगे, ठिपके स्पष्ट उमटतात. केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांनी त्या नक्षीचे २,०४८ शून्य आणि एक करायची रीत शोधली. मग तुलना म्हणजे नुसती आकड्यांची जुळवाजुळव. आणि गंमत म्हणजे तुमच्याच उजव्या आणि डाव्या डोळ्यांतली नक्षी एकसारखी नसते!

तुमच्या धाकट्या भावंडाचं आधार काढलं असेल तर आठवून बघा. पाच वर्षांच्या आतल्या मुलांची बोटं आणि डोळे घेत नाहीत. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर घेतात आणि पंधरा पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा.

रेशनच्या दुकानात अंगठा लावतात, तेव्हा मात्र इतकी शोधाशोध नसते. तिथे क्रमांक आधीच सांगितलेला असतो आणि त्या एकाच नोंदीशी ठसा जुळवायचा असतो. तरी शेतात, बांधकामावर राबणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्र म्हणतं, जुळत नाही. माणूस खरा, एकच, अगदी समोर उभा, तरी यंत्राच्या लेखी नापास! अशा वेळी डोळे किंवा मोबाईलवर येणारा ओटीपी असे दुसरे मार्ग ठेवावे लागतात.

नाव न विचारता जमेल का?

रेल्वेच्या तिकिटांवर तोडगा काय निघाला, ठाऊक आहे? १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट काढायला आधारने पडताळलेलं खातं लागतं. म्हणजे ‘माणूस आहेस का’ आणि ‘एकच आहेस का’ या दोन प्रश्नांची उत्तरं ‘कोण आहेस’ हा तिसरा प्रश्न विचारून मिळवली. रेल्वेत ते चालून जातं, तिकिटावर नाव असतंच. पण सगळीकडे असंच करायचं? एखाद्या खेळात गुण नोंदवायला, कौलात मत द्यायला, मनातली शंका विचारायलाही आपलं नाव-गाव द्यायचं?

शिवाय पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. डोळा कसा बदलणार? २०२३ मध्ये वर्ल्डकॉइन नावाचा प्रकल्प जगभर सुरू झाला. चकचकीत गोळ्यासारख्या यंत्रात डोळे दाखवायचे आणि ‘मी एकमेव माणूस आहे’ असा डिजिटल दाखला मिळवायचा. नाव सांगायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. तरी लोकांच्या डोळ्यांच्या माहितीचं पुढे काय होणार, या काळजीने केनियाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि स्पेनने मार्च २०२४ मध्ये ते काम थांबवायला लावलं.

तर मग नाव न विचारता ‘एकदाच’ची खात्री करणारं काही आहे का? आहे की, आणि तुमच्या आई-बाबांच्या बोटावर तुम्ही ते पाहिलंयही. मतदानाची शाई! म्हैसूरच्या कारखान्यात ती तयार होते आणि १९६२ च्या निवडणुकीपासून आपण ती वापरतो. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. ते कातडीवरच्या क्षारांशी मिळतं, उजेड लागला की काळं पडतं आणि साबणाने जात नाही. नख वाढून पुढे जाईपर्यंत खूण राहते. मतदारयादीत नाव शोधायचं काम वेगळं. पण शाई एकटी बघितली, तर ती तुमचं नाव सांगत नाही, मत कुणाला दिलं तेही सांगत नाही. ती फक्त म्हणते : हे बोट येऊन गेलं.

इंटरनेटवर अशी शाई लावायची कशी? एक विचार येतो, की खात्री झालेल्या प्रत्येकाला एकेक सही केलेली चिठ्ठी द्यावी. पण संगणकात चिठ्ठीच्या हव्या तेवढ्या नकला निघतात. नकला ओळखायच्या तर चिठ्ठीवर वेगळा क्रमांक हवा. आणि चिठ्ठी देणाऱ्यानेच क्रमांक घातला, तर कोणता क्रमांक कुणाला दिला हे त्याला कळणार. झालं, नाव फुटलं!

१९८२ मध्ये डेव्हिड चॉम या अमेरिकी शास्त्रज्ञाने यावर फार देखणी युक्ती मांडली. तिला म्हणतात आंधळी सही. खऱ्या पद्धतीत मोठमोठ्या संख्यांचं गणित असतं, पण चॉमने ती समजावली पाकीट आणि कार्बन पेपर घेऊन. तुम्ही ती वर्गातच करून बघा.

करून बघा : आंधळी सही

साहित्य : पातळ कागदाची पाकिटं, कार्बन पेपरचे तुकडे, कोऱ्या चिठ्ठ्या, एक खोका. विषय काहीही घ्या. सहल कुठे न्यायची, रायगडावर की राजगडावर?

१. प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीवर मनाने एक सहा आकडी क्रमांक लिहायचा. कुणालाही दाखवायचा नाही. सोपे क्रमांक टाळा, नाहीतर चौघांचा १२३४५६ निघेल!

२. चिठ्ठीवर कार्बन पेपर ठेवा, काळी बाजू चिठ्ठीकडे. दोन्ही पाकिटात घालून पाकीट बंद करा.

३. एकेकाने बाईंकडे जायचं. बाई चेहरा बघणार, हजेरीपटावर खूण करणार आणि पाकिटावर जोर देऊन सही करणार. सही कार्बनमधून आतल्या चिठ्ठीवर उमटेल. बाईंना क्रमांक दिसला का? नाही!

४. जागेवर येऊन पाकीट फोडा. चिठ्ठीवर आपलं मत लिहा, घडी करा आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकत्र खोक्यात टाका. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून रायगडाला गोल आणि राजगडाला फुली एवढंच काढा.

५. आता मोजणी. चिठ्ठीवर बाईंची सही आहे? म्हणजे ती वर्गातल्या खऱ्या मुलाची किंवा मुलीची. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला? मग ती नक्कल, बाजूला काढा. आणि ही चिठ्ठी कुणाची, हे बाईंना सांगता येईल? मुळीच नाही. त्यांनी क्रमांक आत्ताच, पहिल्यांदा बघितला.

बघा, पहिला प्रश्न सुटला, दुसरा सुटला आणि मोजणीत तिसऱ्याला बोटही लावलं नाही!

हेच तीन प्रश्न मोबाईलवरही उपयोगी पडतात. एखाद्या ॲपने किंवा अनोळखी माणसाने आधार क्रमांक, अंगठा, चेहऱ्याचा फोटो मागितला, तर आधी विचारा : याला तिन्हींपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवंय? मी माणूस आहे एवढंच कळायला हवं असेल, तर माझं नाव कशाला? आणि ओटीपी तर घरच्या मोठ्यांना विचारल्याशिवाय कुणालाही सांगायचा नाही.

आता जाता जाता एक कोडं. तुमच्या वर्गात एक महावस्ताद आहे. त्याने एकाच पाकिटात दोन चिठ्ठ्या आणि दोन कार्बन पेपर घातले. बाईंनी सही केली आणि ती दोन्ही चिठ्ठ्यांवर उमटली. क्रमांक वेगवेगळे, सह्या खऱ्या, मतं दोन! पाकिटं मोजून बाईंना कळेल, की एक चिठ्ठी जास्त झालीय, पण कुणाची ते कळणार नाही. पाकीट उघडून बघावं, तर क्रमांक फुटतो. मग याला पकडायचं कसं?

एक इशारा देतो. चॉमने आणि त्याच्या सोबत्यांनी पुढे वापरलेल्या युक्तीत प्रत्येकाने एकाऐवजी दहा पाकिटं घेऊन यायचं असतं. त्या दहांचं बाई काय करतील? डोकं खाजवा!